जखम भरली, धसका राहिला

डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरी गावात एका बाईला जमावानं घरातून ओढून बाहेर काढलं, विवस्त्र केलं, गावातून फिरवलं आणि विजेच्या खांबाला बांधून मारलं. तिचा मुलगा गावातल्या एका मुलीला घेऊन पळून गेला होता, त्याचा राग तिच्यावर निघाला. तिला बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात दाखल केलं गेलं. बातमी देशभर पोचली आणि वेगवेगळ्या पक्षांचे, संघटनांचे लोक भेटीला येऊ लागले. कर्नाटक उच्च न्यायालयानं या घटनेची आपणहून दखल घेतली होती. त्याच आठवड्यात न्यायालयानं आणखी एक आदेश दिला: घरचे लोक आणि चौकशीचे अधिकारी सोडून कुणीही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय, या बाईला भेटायला जायचं नाही. मुख्य न्यायाधीश तेव्हा प्रसन्न वराळे होते, जन्मानं निपाणीचे.

आरोपींवर काय कारवाई झाली याची चर्चा पुष्कळ झाली. या आदेशाची तितकी झाली नाही. माझ्या मते तो फार मोलाचा आहे, कारण आपल्या बहुतेक रुग्णालयांचे केसपेपर जिथं कोरे असतात नेमक्या त्या जागी न्यायालयानं बोट ठेवलं. मार लागून आलेल्या माणसाला दोन दुखणी असतात. एकाचा एक्स-रे निघतो. दुसरं बरं होणार की चिघळणार, हे पुष्कळ अंशी पुढच्या काही दिवसांत आजूबाजूची माणसं कशी वागतात यावर ठरतं. आणि हे दुसरं दुखणं बायकांना पुरुषांपेक्षा जास्त का जडतं, हा गेली तीसेक वर्षं जगभरातल्या डॉक्टरांना पडलेला प्रश्न आहे.

अपघातातून उठलेला माणूस पहिले आठ-पंधरा दिवस दचकतो, झोपेत ओरडतो, मागून हॉर्न वाजला की त्याचं अंग आखडतं. यात आजार काही नाही. धोका टळला आहे हे शरीराला पटायला वेळ लागतो, एवढंच. बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं. महिना उलटून गेला तरी ओसरलं नाही, तर मात्र ते दुखणं. ते चार अंगांनी दिसतं. घडलेलं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं. नुसतं आठवत नाही, तर आत्ता घडतंय असं वाटतं, तेलाचा किंवा रक्ताचा वासही येतो. माणूस ती जागा, तो रस्ता, ते वाहन, तो विषय टाळू लागतो. मन कोरडं पडतं, कशात गोडी राहत नाही, 'चूक माझीच' असं घोकणं सुरू होतं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखं राहतं: झोप नाही, चिडचिड, जरा काही वाजलं की छातीत धडधड. वैद्यकात याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात पीटीएसडी. गावात 'धसका घेतलाय' म्हणतात, किंवा 'बाहेरचं काही असेल' म्हणून अंगारा लावतात.

या दुखण्याची ओळख वैद्यकाला दोन वेगवेगळ्या वाटांनी झाली. एक वाट पुरुषांची. १८६६ मध्ये जॉन एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदानं रेल्वे अपघातात सापडलेल्यांबद्दल लिहिलं. वरून मोठी इजा दिसत नाही, पण माणूस झोपत नाही, कामावर परतत नाही. त्याला वाटलं, मणक्याला हिसका बसला असावा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स यांनी तोफांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांची हीच लक्षणं 'लॅन्सेट'मध्ये मांडली. पुढं व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी हा प्रश्न लावून धरला. दुसरी वाट बायकांची. ती बोस्टनच्या सरकारी रुग्णालयातल्या तातडीच्या विभागातून निघाली. अ‍ॅन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, या दोघींनी बलात्कारानंतर तिथं आणल्या जाणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९७४ मध्ये दाखवून दिलं, की त्यांची लक्षणं रणांगणावरून आलेल्या सैनिकांसारखीच आहेत. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं या दोन्ही वाटा एका नावाखाली आणल्या. तोवर सैनिकाला निदान काही मान मिळाला होता, बाईला 'हिस्टेरिया'चा शिक्का. एकाच दुखण्याला दोन वागणुकी देण्याची ती जुनी सवय दवाखान्यातून अजून पुरती गेलेली नाही.

हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९८१ रोजी, निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. त्यात माणसं गेली, कितीतरी जखमी झाले. त्याआधी आणि नंतर सीमाप्रश्नाच्या आंदोलनांतही या भागानं लाठ्या आणि गोळ्या पाहिल्या. १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ या हौतात्म्याच्या तारखा इथल्या घराघरांत पाठ आहेत. हुतात्म्यांची नावं आपण जपली, आणि ते योग्यच केलं. पण जखमींच्या झोपेची चौकशी करायची पद्धत त्या काळात कुठल्याच रुग्णालयात नव्हती. त्यांच्या बायकांच्या झोपेची तर नव्हतीच.

आता आकडे बघू. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोनाल्ड केसलर यांच्या देशव्यापी पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेल्या स्त्रिया १०.४ टक्के निघाल्या, पुरुष ५ टक्के. गंमत अशी की जिवावर बेतणारे प्रसंग पुरुषांच्या वाट्याला जास्त आले होते. २००६ मध्ये डेव्हिड टोलिन आणि एड्ना फोआ यांनी पंचवीस वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं तेव्हाही हेच दिसलं: प्रसंग पुरुषांवर अधिक, दुखणं स्त्रियांना सुमारे दुप्पट.

रुग्णालयात भरती झालेल्या जखमींचा वेगळा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या एकूण ६९ रुग्णालयांमधून बरे होऊन घरी गेलेल्या जखमींना वर्षभरानंतर गाठलं, तेव्हा साधारण पाचातल्या एकात या विकाराची लक्षणं होती. सॅन दिएगोमधल्या ट्रॉय होलब्रुक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की जखम किती गंभीर, कशानं झाली, वय काय, हे सगळं सारखं धरलं तरी बायकांना धोका अधिक राहतो, आणि ज्यांना हा विकार जडतो त्यांचं हिंडणं-फिरणं, कामाला लागणं हेही मागं पडतं. ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक जखमींचा वर्षभर पाठपुरावा केला. त्यात वर्षअखेर ३१ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता.

या सगळ्या संशोधनातली एक गोष्ट वॉर्डातल्या प्रत्येक डॉक्टरनं लक्षात ठेवण्यासारखी आहे. हाडं किती मोडली यावरून धसका किती बसेल ते सांगता येत नाही. मांडीत सळई घातलेला माणूस चार महिन्यांत पूर्वीसारखा होतो, आणि नुसता मुका मार लागलेली बाई दोन वर्षं रस्ता ओलांडत नाही. 'काही विशेष नाही, किरकोळ आहे' असं म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवलेली माणसं म्हणूनच सगळ्यात जास्त निसटतात.

मग बायकांना जास्त का? 'बायका हळव्या' हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर तयार असतं. मला ते उत्तर आळशी वाटतं, आणि पुरावाही त्याच्या बाजूचा नाही. पोलीस दलातल्या स्त्री-पुरुषांची तुलना केली, लढाईचा सारखा अनुभव घेतलेल्या सैनिक स्त्री-पुरुषांची केली, तर हा फरक बराच कमी होतो, काही अभ्यासांत दिसेनासाच होतो. फरक जर जन्मजात हळवेपणाचा असता तर तो वर्दी चढवल्यावर उतरला नसता.

पहिलं कारण जखम कशानं झाली यात आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कागल सोडून कर्नाटकात शिरला की निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी असं करत बेळगावला येतो. गळिताच्या हंगामात या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्यावाचून, मागं परावर्तक पट्टीसुद्धा नसताना चालतात, आणि दुचाकीवाला त्यांच्या मागून जाऊन आदळतो. तो बहुतेक वेळा पुरुषच असतो. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांत पुरुष ऐंशी टक्क्यांहून जास्त. हा अपघात भयंकर खरा, पण त्यात कुणी मुद्दाम मारलेलं नसतं. शुद्धीवर आल्यावर ज्यांची तोंडं दिसतात ती त्याला वाचवायला धावलेली असतात.

जळीत वॉर्डात चित्र उलटं होतं. 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली आलेल्या संघवी, भल्ला आणि दास यांच्या अभ्यासानुसार भारतात २००१ या एका वर्षात जळून सुमारे १,६३,००० माणसं मेली. त्यांत १,०६,००० बायका होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. 'स्टो भडकला' हे वाक्य आपल्याकडच्या जबाबांत किती वेळा लिहिलं गेलं असेल! त्यातले काही स्टो खरोखर भडकले असतील. काहींच्या मागं काय होतं ते, जबाब घेताना खाटेशी सासरची कोण माणसं उभी होती ते पाहिलं की कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्या फेरीतलं देशातलं हे सर्वांत मोठं प्रमाण. महाराष्ट्रात ते २५.२ टक्के होतं.

माणसानं मुद्दाम केलेली इजा यंत्रानं किंवा रस्त्यानं केलेल्या इजेपेक्षा खोल धसका देते, हे जगभर दिसलेलं आहे. त्यात इजा करणारा घरचाच असेल, डबा घेऊन तोच वॉर्डात येत असेल आणि डिस्चार्जनंतर त्याच्याच घरी परतायचं असेल, तर धोका टळला आहे हे त्या बाईच्या शरीरानं मानायचं कसं? तो टळलेला नसतोच. अशा बाईच्या पहाऱ्याला विकार म्हणण्याआधी तिच्या घराचा विचार करायला हवा.

दुसरं कारण जखमेनंतरच्या दिवसांत आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ख्रिस ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं, की आघाताच्या आधीच्या गोष्टींपेक्षा नंतर मिळणारा किंवा न मिळणारा आधार जास्त निर्णायक असतो. पुढं २००३ मध्ये याच गटानं हिंसक गुन्ह्यांना बळी पडलेल्या स्त्री-पुरुषांची तुलना केली. आधार दोघांनाही सारखाच मिळत होता. पण बोल, दोषारोप, तुसडी उत्तरं बायकांच्या वाट्याला जास्त आली होती, आणि त्या बोलांचा घावही त्यांना जास्त लागला होता. विकाराचं प्रमाण बायकांत जास्त का, याचं बरंच उत्तर या एका गोष्टीत सापडलं.

हे इंग्लंडमधलं संशोधन. पण आपल्या वॉर्डात दोन तास बसलं तरी तेच कानावर येतं. पुरुष पडला की 'देवानं वाचवलं'. बाई पडली की 'एवढ्या रात्रीचं जायची गरज काय होती', 'पदर सांभाळता येत नाही का', 'कडबा कुट्टीजवळ ओढणी घेऊन कशाला गेली'. पुरुषाच्या उशाशी बायको रात्रंदिवस बसलेली असते. बाईच्या उशाशी कोण असतं, तर माहेराहून आलेली आई किंवा बहीण, तीही चार दिवस, कारण तिच्या घरीही स्वयंपाक थांबलेला असतो. घरी गेल्यावर पुरुषाला 'डॉक्टरनी तीन महिने उठू नको सांगितलंय' हे पुरतं. बाई प्लास्टरच्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करते. निपाणी भागात हजारो बायकांचं पोट विडीवर आहे. विडी हजारावर मोजली जाते, आणि मनगट मोडलं की मोजणी थांबते. याच भागातल्या बायकांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संघटना बांधून तंबाखू वखारींच्या मालकांपुढं उभं राहून दाखवलं. दीपा धनराज यांनी १९८२ मध्ये त्यावर माहितीपट केला. त्या हळव्या होत्या असं कुणी म्हणून दाखवावं!

शरीराचाही वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. २०११ मध्ये केरी रेसलर यांच्या गटानं 'नेचर'मध्ये लिहिलं, की ताणाच्या वेळी काम करणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण आणि या विकाराची तीव्रता यांचा संबंध स्त्रियांत दिसतो, पुरुषांत दिसत नाही. आणि त्या प्रथिनाला ओळखणारा ग्राही-रेणू बनवणाऱ्या जनुकावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा परिणाम होतो. भीती विझवण्याच्या मेंदूच्या कामात इस्ट्रोजेनचा हात असतो, असंही इतर प्रयोगांतून दिसलं आहे. हे संशोधन चालू आहे. त्यावरून आज वॉर्डात काही वेगळं करता येत नाही.

वेदनेचं तसं नाही. तिथं आजच करता येण्यासारखं पुष्कळ आहे. होलब्रुक यांनीच २०१० मध्ये इराक युद्धातल्या जवळपास सातशे जखमी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना जखमेनंतर लगेच मॉर्फिन मिळालं होतं त्यांच्यात हा विकार कमी आढळला. कळा सोसत पडलेला माणूस तो प्रसंग मेंदूत जास्त खोल कोरून घेत असावा, असा त्याचा एक अर्थ. आपल्याकडे बाळंतपणापासूनच बाईनं ओरडू नये अशी शिकवण असते, आणि जी ओरडत नाही तिला दुखत नाही असं धरलं जातं. ड्रेसिंग बदलण्याआधी वेदनाशामक वेळेवर देणं ही मनाच्या उपचाराची पहिली पायरी आहे, आणि त्याला मनोविकारतज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

आता पुरुषांकडे येतो, कारण 'बायकांना दुप्पट' या आकड्याच्या आड त्यांचं दुखणं लपतं. भरती होणारे जखमी मुळातच बहुसंख्येनं पुरुष असतात. त्यामुळं टक्केवारी निम्मी असली तरी वॉर्डातल्या डोक्यांची संख्या मोजली तर धसका घेतलेले पुरुष पुष्कळ निघतील. ते 'भीती वाटते' असं म्हणत नाहीत. ट्रकचा ड्रायव्हर अपघातानंतर 'आता गाडीचा कंटाळा आला' म्हणतो. झोप येत नाही म्हणून रात्री घेतो, मग दिवसाही घेऊ लागतो. मुलांच्या अंगावर धावून जातो. घरचे म्हणतात, अपघातानंतर व्यसनी झाला; व्यसन ही त्याची झोपेची गोळी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ऊस तोडताना किंवा यंत्रात हात गेलेला तरुण हाताबरोबर घरातली आपली जागाही गमावतो, आणि 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय' हे वाक्य त्याचं तोंड कायमचं बंद करतं. हे वाक्य आणि 'पदर सांभाळता येत नाही का' हे वाक्य, दोन्ही एकाच घरात बोलली जातात. दोन्ही तितकीच घातक आहेत.

आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपली चांगली रीत आहे. तिच्यात एकच खोट आहे: आलेला प्रत्येक जण 'कसं झालं?' विचारतो, आणि जखमी माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावतो. बोललं की मन मोकळं होतं, अशी आपली समजूत. एके काळी डॉक्टरांचीही होती. अपघातानंतर लगेच एकदा बसवून सगळं बोलून घेण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली होती. १९९७ मध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी वेल्समधल्या कार्डिफ इथं भाजलेल्या रुग्णांवर ती तपासली. तेरा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांच्याकडून असं बोलून घेतलं होतं त्यांच्यात २६ टक्क्यांना हा विकार होता, ज्यांना तसंच राहू दिलं होतं त्यांच्यात ९ टक्क्यांना. पुढं इतर अभ्यासांतही या पद्धतीचा फायदा दिसला नाही आणि ती मागं पडली. उच्च न्यायालयाच्या त्या आदेशामागं किती शहाणपण होतं ते यावरून कळावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये जे 'मानसिक प्रथमोपचार' सांगितले ते साधे आहेत: माणूस सुरक्षित आहे ना बघा, तहान-भूक-वेदना बघा, तो बोलला तर ऐका, खोदून विचारू नका, आणि त्याच्या माणसांशी त्याची गाठ घालून द्या.

महिन्यानंतरही दुखणं टिकलं तर मात्र उपचार हवेत, आणि ते आहेत. एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्रशिक्षित तज्ज्ञ रुग्णाला ठरलेल्या सत्रांत, हळूहळू आणि सुरक्षितपणे त्या आठवणीकडे आणि टाळलेल्या जागांकडे नेतात. अपघाताच्या वळणाशी आधी चित्रातून, मग दिवसा कुणाबरोबर, मग एकट्यानं जायचं. भेटायला आलेल्यांच्या चौकशीत आणि यात फरक आहे तो वेळेचा, क्रमाचा आणि रुग्णाच्या हाती असलेल्या लगामाचा. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी पद्धतही उपयोगी ठरली आहे. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधं मदत करतात. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या मात्र या विकारात फायद्याच्या नाहीत, उलट सवय लावतात. मेडिकलमधून परस्पर आणलेली ती पट्टी बंदच व्हायला हवी.

आपल्या बेळगाव-निपाणी भागात हे मिळतं का? कागदावर पाहिलं तर कर्नाटक या बाबतीत मागं नाही. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्यसेवा कशी द्यावी याचा देशातला नमुना १९८५ ते १९९० या काळात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं बळ्ळारी जिल्ह्यातच घडवला, आणि त्यावरून १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. महाराष्ट्रातही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी आघातग्रस्तांच्या मनावर काम केलं. मराठी मुलखाला हा विषय नवा नाही.

अडचण येते ती सीमेवर. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून जखमीला घेऊन गाडी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाकडे किंवा तिथल्या खासगी रुग्णालयाकडे वळते. खर्चासाठी कर्नाटकची योजना की महाराष्ट्राची, हा घोळ होतोच. महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्यावरून दोन राज्यांत वादही झाला. शस्त्रक्रिया एका राज्यात, टाके काढणं गावच्या डॉक्टरकडे, आणि मानसिक आरोग्याचा कार्यक्रम दुसऱ्या राज्यातल्या जिल्हा रुग्णालयात. या तिघांच्या मधून मन कधी गळून पडतं ते कुणाच्याच वहीत येत नाही. बेळगावात भरती झाली तरी भाषेचा प्रश्न उरतो. केसपेपर इंग्रजीत, परिचारिका कन्नड बोलणारी, विद्यार्थी डॉक्टर आणखी कुठल्या राज्यातला. पाय दुखतोय हे खुणेनं सांगता येतं. 'डोळा लागला की तो खांब दिसतो' हे खुणेनं सांगता येत नाही. बाई ते तिच्या भाषेतल्या बाईलाच सांगेल, तेही नवरा-सासू बाहेर गेल्यावर. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी एकेक समुपदेशक अपघात विभागाला जोडून देणं हा मोठ्या खर्चाचा विषय नाही. अमेरिकेत शल्यविशारदांच्या संघटनेनं २०२२ च्या मानकांत मोठ्या अपघात केंद्रांना जखमींच्या मानसिक आरोग्याची चाचपणी बंधनकारक केली आहे. आपल्याकडे ती डिस्चार्ज कार्डावर पाच ओळींत मावू शकेल.

त्या पाच ओळी कुणीही विचाराव्यात अशा आहेत. तुमच्या घरी, शेजारी, कामावर कुणी मार लागून रुग्णालयातून आलं असेल, बाई असो की पुरुष, तर महिन्याभरानं एकट्यात गाठून विचारा: त्या प्रसंगाची स्वप्नं पडतात का, किंवा नको असताना तो आठवतो का? ती जागा, तो विषय टाळावासा वाटतो का? सारखं सावध राहावं लागतं, दचकायला होतं का? माणसांत असूनही मन लागत नाही, सुन्न वाटतं का? घडलं त्याचा दोष स्वतःला देणं थांबत नाही का? तीन-चार उत्तरं 'हो' आली तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. तेवढं लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. मार घरातूनच बसला असेल तर १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. आणि ती बाई सांगू लागली, तर 'तू तिथं गेलीस कशाला' हा प्रश्न तेवढा विचारू नका.